झेब्रा डॅनिओ कणखर आहे, म्हणून त्याला कसंही ठेवू नका

मागच्या अंकात पहिल्यांदाच टँक लावणाऱ्यांसाठी झेब्रा डॅनिओ सुचवला होता. अंगावर निळे आडवे पट्टे असलेला छोटासा, शांत, घोळक्यात राहणारा मासा. त्यानंतर आलेले बहुतेक प्रश्न त्याच्याबद्दलचेच आहेत, म्हणून या महिन्याचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि नावं काढून फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न (डोंबिवली): ताई, मुलाच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक घेतोय. दुकानदार म्हणतो पाच प्रकारचे दोन-दोन मासे टाका, टँक भरलेला दिसतो. तुम्ही एकाच जातीचे आठ-दहा घ्यायला सांगता. सगळे सारखेच दिसणार, मुलगा कंटाळणार नाही का?

उत्तर: नाही कंटाळणार, उलट जास्त रमेल. झेब्रा एकटा किंवा दुकटा असला की एक तर फिल्टरच्या मागे दबून बसतो नाहीतर दुसऱ्याला सतत पळवत राहतो, आणि तोच आठ-दहांच्या घोळक्यात आला की दिवसभर टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे मिळून धावतात, मध्येच वळतात, फिल्टरच्या धारेत मुद्दाम शिरून उलटे पोहतात. ते बघत मुलं तासभर बसतात. दोन-दोनच्या हिशोबाने भरलेल्या टँकमध्ये दहा मासे असतात पण सोबत कोणालाच नसते.

तुमचा टँक २ × १ × १ फूट असेल तर काठोकाठ साधारण ५६ लिटर बसतं, खडी आणि वरची मोकळी जागा धरून प्रत्यक्षात ४५ च्या आसपास पाणी राहील. एवढ्यात आठ ते दहा झेब्रा आरामात राहतात, पूर्ण वाढलेला मासा ४ ते ५ सेंमीचा असतो आणि नीट ठेवला तर तीन-चार वर्षं जगतो. टँक घेताना उंचीपेक्षा लांबी बघा कारण हा मासा आडवा धावतो, उंच टँक दिसायला छान पण याच्या कामाचा नाही, आणि काचेचा गोल बाउल तर घरात आणूच नका. झाकण मात्र हवंच. झेब्रा पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि घाबरला किंवा पाठलाग झाला की सरळ बाहेर उडी मारतो, वायर जाण्यासाठी कोपऱ्यात ठेवलेली फट सुद्धा त्याला पुरते.

आणि मुलाला हे नक्की सांगा की हा मासा आपल्याकडचाच आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, भारत, नेपाळ, बांगलादेश इथल्या संथ ओढ्यांतला, भातखाचरांतला, नदीकडेच्या उथळ पाण्यातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहिलेले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर १८२२ साली पुस्तक काढलं त्यात याची पहिली शास्त्रीय नोंद आहे. जिथे तो राहतो तिथे पावसाळ्यात पाणी एकदम वाढतं, गढूळ होतं, थंडीत गार पडतं आणि उन्हाळ्यात उथळ पाणी चांगलंच तापतं. त्याचा कणखरपणा तिथून आलाय. पण तिथे त्याला धावायला जागा असते आणि बरोबर सोबती असतात, त्यामुळे कणखर आहे म्हणून या दोन गोष्टी कापायच्या नाहीत.

प्रश्न (पुणे, सिंहगड रोड): रविवारी टँक लावला, सोमवारी सहा झेब्रा आणले. दुकानात सांगितलं की नवीन टँकमध्ये आधी हेच टाकायचे, मरत नाहीत. आज पाचवा दिवस, दोन गेले आणि बाकीचे वर येऊन तोंड उघडतायत. पाणी तर अगदी काचेसारखं स्वच्छ आहे. काय चुकलं?

उत्तर: आधी काय करायचं ते सांगते, कारण चार मासे अजून वाचू शकतात. आत्ता एक तृतीयांश पाणी बदला, नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, तापमान हाताला सारखंच लागेल असं बघून, हळूहळू ओता. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. मग पुढचे दोन-तीन आठवडे एक दिवसाआड अगदी चिमूटभर खाणं आणि रोज पाव भाग पाणी बदलायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. नवीन मासा एकही आणायचा नाही.

आता कारण. मासे श्वासाबरोबर आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजतं त्यातूनही अमोनिया तयार होतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून पाणी काचेसारखं असूनही विषारी असू शकतं. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर दोन प्रकारचे जिवाणू वसलेले असतात, एक अमोनियाचा नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही थोड्या प्रमाणातही घातक, नायट्रेट त्या मानाने खूप सौम्य, तो आपण दर आठवड्याला पाणी बदलून काढतो. तुमच्या टँकमध्ये हे जिवाणू अजून आलेलेच नाहीत. त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, यालाच टँक सायकल होणं म्हणतात, आणि त्या काळात मासे आत असतील तर ते स्वतःच्याच अमोनियात राहतात. अमोनियाने कल्ले भाजतात, नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी करतं, म्हणून तुमचे मासे वर येऊन तोंड उघडतायत.

"झेब्रा मरत नाहीत, आधी तेच टाका" हा सल्ला दुकानांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलाय आणि मला तो अजिबात पटत नाही. त्या माशाला त्रास होतो, तो फक्त इतर माशांपेक्षा जास्त दिवस तग धरतो, आणि जे जगतात त्यांचे कल्ले खराब झालेले असतात, मग ते सहा महिन्यांत कशाने तरी आजारी पडतात आणि आपल्याला वाटतं अचानक गेले. सहा आठवडे थांबणं घरच्यांना जड जातं हे मला कळतं, मुलं रोज विचारतात मासे कधी आणायचे, पण रिकाम्या टँकला फिल्टर लावून त्यात रोज चिमूटभर फिश फूड टाकत राहिलं तरी तेच जिवाणू वाढतात आणि कोणाचा जीव जात नाही. घाई असेल तर ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मागून आणा आणि तो ओला असतानाच तुमच्या फिल्टरमध्ये बसवा, वेळ बराच वाचतो. अमोनिया आणि नायट्राइटच्या टेस्ट किट ऑनलाइन मिळतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं दिसायला लागलं की टँक तयार झाला असं समजा.

स्पंज नळाखाली का धुवायचा नाही तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हेच जिवाणू मारतं. पाणी बदलताना बादलीत काढलेलं टँकचंच पाणी असतं, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळला की झालं.

प्रश्न (नागपूर): आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि डिसेंबरात रात्री १० च्या खाली. या माशाला हीटर लागतो का? आणि उन्हाळ्याचं काय करू?

उत्तर: फक्त झेब्रा असतील तर हीटर नको. १८ ते २५ डिग्री पाणी त्यांना सगळ्यात मानवतं, आणि बाहेर १० असलं तरी बंद घरातलं टँकचं पाणी तेवढं खाली जात नाही. थंडीत ते थोडे मंद होतात, खाणं कमी करतात, मग तुम्हीही कमी टाका. हीच गोष्ट निफाड-नाशिककडच्यांसाठीही, फक्त टँक खिडकीला किंवा बाहेरच्या गार भिंतीला चिकटून ठेवू नका.

तुमच्याकडे खरी काळजी उन्हाळ्याची. झेब्रा तिशीच्या वरचं पाणी काही काळ सोसतो पण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावतो तो ३२ ला ७.३ वर येतो, आणि त्याच वेळी माशाला मात्र जास्त लागतो. वर अमोनियाही गरम पाण्यात जास्त विषारी होतो. म्हणून एप्रिल ते जून खाणं थोडं कमी, एअर पंप चोवीस तास, टँकची लाईट दुपारी बंद, आणि झाकणाऐवजी जाळी लावून छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा ठेवा. विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं त्यामुळे दोन-तीन डिग्री सहज उतरतात, मुंबई-कोकणच्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. उडालेलं पाणी रोज भरून काढा. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नका, अगदीच वेळ आली तर बर्फ झालेली बंद बाटली थोडा वेळ तरंगत ठेवा. तापमान एकदम खाली येणं हे गरम पाण्यापेक्षा वाईट.

लोडशेडिंग असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, महाग नसतो. आणि टँकमध्ये गर्दी कमी ठेवली तर दोन-तीन तास लाईट गेल्याने झेब्राला काही होत नाही.

प्रश्न (ठाणे): तुम्ही शांत मासा म्हणता, पण आमच्याकडचे चार झेब्रा गप्पीच्या शेपट्या कुरतडतात आणि एक तर बाकीच्या तिघांच्या मागे सतत लागलेला असतो. शांत कसला?

उत्तर: चारच आहेत हेच कारण. या माशांमध्ये आपापसात वरचढ कोण हे ठरत असतं, आणि चारांत एक दादा झाला की त्याचा सगळा जोर तिघांवर निघतो, विशेषतः सगळ्यात कमजोर असेल त्याच्यावर. तेच दहा केले की पाठलाग विभागला जातो, कोणा एकाला सलग त्रास होत नाही आणि बाहेरच्या माशांकडे त्यांचं लक्षही कमी जातं. टँक दोन फुटी असेल आणि सायकल झालेला असेल तर अजून पाच-सहा आणा, एकदम नाही, तीन आज आणि तीन पंधरा दिवसांनी. सकाळी लाईट लावल्यावर होणारा पाठलाग मात्र बहुतेक वेळा भांडण नसतं, तेव्हा नर मादीच्या मागे असतात.

गप्पीचं वेगळं. लांब झुपकेदार शेपटीच्या हळू पोहणाऱ्या माशांबरोबर झेब्रा ठेवायचाच नाही. म्हणजे फॅन्सी गप्पी, फायटर, एंजल हे नकोत. शेपूट कुरतडली नाही तरी याच्या सततच्या धावपळीने ते दबून राहतात आणि खाणं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गोल्डफिशबरोबर पण लोक ठेवतात कारण दोघांनाही हीटर लागत नाही, पण गोल्डफिश खूप घाण करतो आणि दोन फुटीत तो स्वतःच मावत नाही. प्लॅटी, चेरी बार्ब, तळाला राहणारे कोरी हे चांगले सोबती. कोरी असतील तर त्यांचं बुडणारं खाणं लाईट बंद केल्यावर टाका, नाहीतर वरून झेब्रा सगळं आधी संपवतात आणि खालचे हळूहळू वाळत जातात, आपल्या लक्षातही येत नाही.

जाळीने पकडताना आरामात पकडा, ओरखडा पडू देऊ नका. या कुळातल्या माशांची त्वचा फाटली की तिच्यातून एक रसायन पाण्यात सुटतं आणि बाकीचे सगळे घाबरून खाली दाटीवाटीने गोळा होतात. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एका युरोपियन छोट्या माशावर हे दाखवलं होतं, झेब्रातही तेच होतं. त्यामुळे एकाला धसमुसळेपणाने पकडलं की पूर्ण घोळका बिथरतो.

प्रश्न (सांगली): घरात बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६०० दाखवतं. आरओचं पाणी वापरू का?

उत्तर: नुसतं आरओ नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात त्यामुळे पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) टिकत नाही, एका आठवड्यात घसरू शकतो, आणि मासा पण त्यात बरा राहत नाही. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी कठीण असतं हे खरं पण झेब्रा मध्यम कठीण पाण्यात छान राहतो. ६०० ला अर्धं बोअर अर्धं आरओ असं मिसळलंत तर उत्तम, नाही जमलं तर नुसत्या बोअरवरही चालेल, फक्त एकदा ठरवलं की दर वेळी तेच प्रमाण ठेवा. सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. मुंबई-पुण्याला धरणाचं पाणी मऊ असतं, तिथे कठीणपणाचा प्रश्न नाही पण क्लोरीनचा आहे, त्यामुळे अँटी-क्लोरीन टाकायचंच. ते म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं, अगदी स्वस्त वस्तू.

नवीन मासे आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग दर पाच-दहा मिनिटांनी टँकचं अर्धा कप पाणी पिशवीत टाकत जा, अर्धा-पाऊण तास हे करा, आणि शेवटी मासे जाळीने उचलून आत सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. मऊ पाण्यातून तुमच्या कठीण पाण्यात येणाऱ्या माशासाठी हा वेळ फार महत्त्वाचा आहे.

प्रश्न (रत्नागिरी): मी आठवीत आहे. आमच्याकडे नऊ झेब्रा आहेत. नर-मादी कसं ओळखायचं आणि पिल्लं कशी मिळवायची? एकदा अंडी दिसली होती पण दुपारपर्यंत गायब झाली.

उत्तर: अंडी त्यांनीच खाल्ली, झेब्रा अंड्यांची काळजी घेत नाही, टाकतो आणि दिसली की खातो. पण तुला दिसली हे फार भारी आहे, म्हणजे तुझ्याकडे नर-मादी दोन्ही आहेत आणि पाणी चांगलं आहे.

आधी ओळख. वरून बघ. नर सडपातळ असतो आणि त्याच्या निळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत सोनेरी पिवळसर झाक असते. मादीचं पोट गोल, भरलेलं आणि मधले पट्टे चांदीसारखे पांढरट. लहान माशांमध्ये कळत नाही, साधारण तीन महिन्यांचे झाले की स्पष्ट दिसतं.

आता पिल्लं. एक वेगळा छोटा डबा घे, दहा-बारा लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा चालेल. तळाला काचेच्या गोट्या पसर, दोन-तीन थर, म्हणजे अंडी गोट्यांच्या फटीत खाली पडतील आणि मोठ्या माशांचं तोंड तिथे पोहोचणार नाही. वर चार-पाच इंच पाणी, टँकचंच, २६ च्या आसपास गरम, रत्नागिरीत ते बहुतेक महिने आपोआपच असतं. आठवडाभर नर-मादींना चांगलं खाऊ घाल, डासांच्या अळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, फक्त फवारणी झालेल्या किंवा गटाराच्या पाण्यातल्या घेऊ नकोस. मग संध्याकाळी दोन माद्या आणि एक-दोन नर त्या डब्यात सोड आणि अंधार करून ठेव. पहाटे उजेड पडला की ते अंडी टाकतात, उजेड हीच त्यांची खूण आहे, म्हणून डबा खिडकीच्या जवळ ठेव पण थेट ऊन लागेल असा नको. एक मादी एका सकाळी शंभर-दोनशे अंडी टाकू शकते. अंडी चिकटत नाहीत, टाचणीच्या डोक्यापेक्षाही छोटी, पारदर्शक. अंडी दिसली की मोठ्यांना लगेच परत टँकमध्ये टाक.

पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढून टाक, ती फळलेली नसतात आणि त्यांच्यावर बुरशी येते. भिंग असेल तर बाकीच्या अंड्यांकडे दर काही तासांनी बघ, अंडं पारदर्शक असल्यामुळे आत मासा घडताना दिसतो, दुसऱ्या दिवशी डोळे कळतात आणि हृदयाचे ठोके सुद्धा. दोन ते तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण लगेच पोहत नाहीत, काचेला किंवा गोटीला चिकटून लटकतात, तेव्हा घाबरू नकोस आणि खाणंही टाकू नकोस, पोटाशी बलक असतो त्यावर ती जगतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास आडवी पोहायला लागली की खाणं सुरू.

इथेच बहुतेकांची पिल्लं जातात. त्यांचं तोंड इतकं छोटं असतं की कितीही चुरलेलं फिश फूड आत जात नाही. त्यांना इन्फ्युसोरिया लागतो, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. तो आधीच तयार करून ठेव: एका बरणीत टँकचं जुनं पाणी घे, त्यात कोबीचं किंवा पालकाचं सुकलेलं पान टाक आणि चार-पाच दिवस उजेडात ठेव, पाणी आधी दुधाळ होईल, मग जरा निवळायला लागलं आणि उजेडासमोर धरल्यावर धुळीसारखे हलणारे ठिपके दिसले की त्यातलं थोडं थोडं ड्रॉपरने दिवसातून तीन-चार वेळा द्यायचं. अंडी टाकायच्या दिवशी बरणी लावलीस तर वेळ बरोबर जुळतो. नववा-दहावा दिवस उलटला की नुकती उबवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या अगदी बारीक कोळंबीची पिल्लं, देता येते, ती खायला लागली की पिल्लं भराभर वाढतात. रोज थोडंसं पाणी बदल, पण ड्रॉपरने. आणि शंभर पिल्लांना जागा कुठे आहे, कोण घेणार, हे आधी आई-बाबांशी बोलून ठेव, नाहीतर थोडीच अंडी ठेव.

प्रश्न (मुंबई, विलेपार्ले): दुकानात चमकणारे लाल, हिरवे झेब्रा बघितले. रंग टोचलेले असतात का? आणि प्रयोगशाळेत वापरतात तो हाच मासा का?

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लासफिशसारख्या काही माशांना खरंच सुईने रंग टोचतात, ते क्रूर आहे, असे मासे कोणीही घेऊ नयेत. चमकणाऱ्या झेब्राचा रंग मात्र जन्मजात असतो, जेलीफिशसारख्या समुद्री जीवांचं चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक त्यांच्या पूर्वजांच्या अंड्यात घातलेलं असतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९९ च्या सुमारास हे काम झालं, पाण्यातलं प्रदूषण ओळखणारा मासा बनवता येईल का हा त्यामागचा विचार होता, आणि २००३ च्या शेवटी अमेरिकेत ते पाळण्यासाठी विकायला आले. आपल्याकडे जनुक बदललेल्या जिवांसाठी १९८९ चे नियम आहेत, सरकारी परवानगी लागते, त्यामुळे विकणाऱ्याला परवानगीचं विचारा आणि नीट उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. मला स्वतःला तर साधा निळ्या पट्ट्यांचा झेब्रा दिवसाच्या उजेडात जास्त सुंदर दिसतो. वेगळं काही हवंच असेल तर ठिपक्यांचा लेपर्ड डॅनिओ घ्या, तो याच जातीचा नैसर्गिक बदल आहे, आधी त्याला वेगळी जात समजायचे.

आणि हो, प्रयोगशाळेतला तो हाच. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याच्यावर काम सुरू केलं, १९८१ मध्ये त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला आणि मग जगभर पसरला. रत्नागिरीच्या मुलाला वर सांगितलं तेच कारण, अंडं आईच्या शरीराबाहेर वाढतं आणि पारदर्शक असतं, म्हणून आत काय घडतंय ते जिवंतपणी बघता येतं. २०१३ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना याच्यात निदान एक तरी जोडीदार जनुक आहे. हृदयाच्या मुख्य कप्प्याचा साधारण पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत तो परत भरून काढतो, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या माशावर काम चालतं.

प्रश्न (नाशिक): एक झेब्रा खातो पण बारीकच होत चाललाय आणि पाठ वाकली आहे. कोणतं औषध देऊ?

उत्तर: आधी त्याला वेगळ्या डब्यात घ्या. म्हातारपणी काही माशांची पाठ वाकते, पण खात असून वाळत जाणं म्हणजे बरेचदा माशांचा क्षय किंवा स्नायू-मज्जेत राहणारा एक सूक्ष्म परजीवी, या माशात दोन्ही आढळतात, आणि दोन्हीवर घरी करण्यासारखा खात्रीचा उपाय नाही. अंदाजाने अँटिबायोटिक ओतू नका, त्याने फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि धडधाकट मासे पण अडचणीत येतात. तो मेला तर लगेच काढा, बाकीच्यांनी त्याला खाल्लं की आजार पसरतो. आणि माशांचा क्षय हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेला होऊ शकतो, म्हणून कापलेला हात टँकमध्ये घालू नका आणि पाणी काढताना नळी तोंडाने ओढायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा. नळी पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्या, एक टोक बोटाने दाबून बाहेर काढा, तेवढं पुरतं.

प्रश्न (पिंपरी): पिल्लं खूप झालीत. मुळशीच्या बाजूला ओढ्यात सोडली तर? मासा भारतीयच आहे ना?

उत्तर: नको, प्लीज. भारतीय आहे पण तुमच्या टँकमधला मासा त्या ओढ्यातला नाही. दुकानातले झेब्रा पिढ्यान्‌पिढ्या हौदात वाढवलेले असतात, त्यांच्याबरोबर आजार आणि परजीवी जातात, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत असे छोटे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यांच्या खाण्यात आणि जागेत हे वाटेकरी होतात. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतीतून सुटलेले चमकणारे झेब्रा तिथल्या जंगलातल्या ओढ्यांत पिल्लं घालताना सापडलेत, २०२२ मध्ये ते अभ्यासातून पुढे आलं. एकदा सोडलं की परत गोळा करता येत नाही. विहिरीत किंवा विसर्जनाच्या हौदात पण नको. ओळखीच्यांना द्या, शाळेच्या टँकला द्या, दुकानदाराला फुकट दिले तरी तो घेतो, आणि पुढच्या वेळी अंडी टँकमध्येच राहू द्या, मोठे मासे संख्या आपोआप आटोक्यात ठेवतात.

प्रश्न (दादर): गणपतीला दहा दिवस गावी देवगडला जातो. माशांचं कोण बघणार?

उत्तर: मोठे, निरोगी झेब्रा आठवडाभर काही न खाता राहतात, त्यांना काही होत नाही. दहा दिवसांसाठी शेजारच्यांना फक्त दोनदा यायला सांगा, चौथ्या आणि आठव्या दिवशी, आणि दोन वेळचं खाणं कागदाच्या दोन पुड्यांत मोजून देऊन जा. डबा त्यांच्या हातात देऊ नका, माया करणारी माणसं मूठभर टाकतात आणि मासे उपाशी राहून जात नाहीत, कुजलेल्या खाण्याने जातात. सुट्टीसाठीचे ते विरघळणारे पांढरे ठोकळे पण नकोत, पाणी घाण करतात. जायच्या दोन दिवस आधी पाव भाग पाणी बदला, जायच्या दिवशी नको, म्हणजे काही गडबड झाली तर तुम्ही घरी असाल. लाईट बंद ठेवा, खिडकीतून दिवसाचा उजेड आला तरी पुरे. फिल्टर आणि एअर पंपचा प्लग मेन स्विचबरोबर बंद होत नाही ना एवढं निघताना नक्की बघा, मुंबईत गावी जाताना घराचा मेन बंद करायची सवय सगळ्यांनाच असते.